मॉरिशसला राहायला जाताय? समुद्र नंतर बघा, आधी उंची बघा

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला मॉरिशसला एबेनमध्ये (रोझ हिलजवळची कचेऱ्यांची वसाहत) नोकरी लागली आहे, दोन मुलं शाळकरी आहेत, घरभाडं कंपनी देणार आहे. एजंटने उत्तर किनाऱ्यावरच्या ग्राँ बे आणि पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाक इथली समुद्र दिसणारी घरं सुचवली आहेत. घर नेमकं कुठे घ्यावं, वादळांना किती घाबरावं आणि रोजचं जगणं कसं असतं?

मी बांधकाम अभियंता आहे. मॉरिशसमध्ये बरीच वर्षं घरं बांधण्याचं, आणि त्याहून जास्त गळकी घरं दुरुस्त करण्याचं काम करतो. त्यामुळे माझं उत्तर घराकडूनच सुरू होणार. एजंटने समुद्र दाखवला यात त्याची चूक नाही, येणारा प्रत्येक जण तेच मागतो. पण हे मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. कुठेही राहिलात तरी रविवारी सकाळी निघून तासाभरात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पोचता येतं. समुद्र पळून जात नाही. घरातली ओल, वारा, पाण्याची टाकी आणि सकाळची वाहतूक मात्र आठवड्याचे सातही दिवस तुमच्या मानगुटीवर बसलेली असते. घर त्यासाठी निवडायचं.

इथलं हवामान कळायला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा, फक्त दिशा बदला. बारमाही व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात. ते मधल्या पठारावर चढतात, थंड होतात आणि तिथेच पाऊस टाकून देतात. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर त्याच वर्षात जेमतेम ९०० मिलिमीटर. मधलं अंतर म्हणाल तर मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचं. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो फरक आहे, तोच इथे एका बेटाच्या पोटात आहे.

म्हणून नकाशावर किनारा शोधण्याआधी उंची शोधा. पठारावरचं क्यूरपिप साधारण ५५० मीटरवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तिथे धुकं, झिमझिम आणि गारठा असतो, रात्री पारा १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. उष्ण कटिबंधातल्या बेटावर यायचं म्हणून नुसते सुती कपडे आणलेली माणसं पहिल्याच महिन्यात रजया विकत घेतात. वाकोआ त्याहून थोडं खाली, पण स्वभाव तोच. कात्र बोर्न, रोझ हिल, बो बासाँ ही गावं ३०० मीटरच्या आगेमागे. उन्हाळ्यात रात्री पंख्यावर भागतं, हिवाळ्यात ओल असते पण छळत नाही. राजधानी पोर्ट लुई समुद्रसपाटीला आणि डोंगरांच्या आडोशाला असल्याने जानेवारीत नुसतं उकडतं. फ्लिक-आँ-फ्लाक आणि तामारँ कोरडे, उन्हाचे. बेल मार आणि सगळा पूर्व किनारा देखणा, पण मे ते ऑक्टोबर वारा कानाशी गुणगुणत राहतो. सुट्टीला आलेल्याला तो गार वाटतो, पण तिथे घर असलं की दाराच्या बिजागऱ्यांना रोज तेल घालावंसं वाटतं.

एबेनच्या नोकरीसाठी माझं मत सरळ आहे: पहिलं वर्ष कात्र बोर्न, रोझ हिल-बो बासाँ किंवा मोका या पट्ट्यात काढा. ग्राँ बेहून एबेनला सकाळी यायचं म्हणजे पोर्ट लुईच्या कोंडीतून किंवा तिला वळसा घालून. एका बाजूने तास सहज जातो, पावसात जास्त. फ्लिक-आँ-फ्लाकहून अंतर कमी, पण वर चढणारे रस्ते थोडे आणि सगळे त्याच वेळी निघालेले. रोझ हिलहून मात्र मेट्रो आहे. पोर्ट लुई ते क्यूरपिप ही मुख्य मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण झाली, आणि रोझ हिलहून एक शाखा एबेनमार्गे रेदुईला जाते. आपल्या लार्सन अँड टुब्रोनेच ती बांधली. बसगाड्या स्वस्त आणि बऱ्या आहेत, पण संध्याकाळी सात-आठनंतर त्या जवळजवळ गायब होतात, म्हणून गाडी घ्यावीच लागेल. गाडी चालवायची ती आपल्यासारखीच डाव्या बाजूने.

आता घर बघायला गेल्यावर काय बघायचं. एजंट तुम्हाला स्वयंपाकघर दाखवेल. तुम्ही दक्षिणेकडची भिंत बघा.

आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहोत. हिवाळ्यात दुपारचा सूर्य इथे उत्तरेकडून जातो. घराच्या दक्षिण आणि आग्नेय अंगाला त्या महिन्यांत ऊन लागत नाही, आणि पावसाळी वाराही नेमका तिकडूनच आपटतो. शेवाळ, पापुद्रे आलेला रंग, कपाटामागचे काळे ठिपके सगळं तिथे भेटतं. पठारावर घर घेत असाल तर बैठकीची खोली आणि मुलांची खोली उत्तरेला उघडणारी हवी, म्हणजे थंडीत ऊन आत येऊन घर वाळतं. वास्तुशास्त्राची पुस्तकं घेऊन आलेल्यांची इथे थोडी पंचाईत होते. त्या वादात मी पडत नाही, बुरशी कुठे येते एवढंच दाखवतो. कपाटं उघडून वास घ्या. चामड्याचे बूट, पट्टे, पुस्तकं यांना पठारावर महिन्याभरात पांढरी बुरशी चढते. हवेतली आर्द्रता शोषणारं यंत्र घ्यायचं की नाही हा चर्चेचा विषयच नाही, घ्यायचंच.

किनाऱ्याच्या घराची तपासणी वेगळी. तिथे शत्रू मीठ. खिडक्यांच्या सरकपट्ट्या, बाल्कनीचे कठडे, वातानुकूलन यंत्राचं बाहेरचं खोकं, गॅसच्या नळीचं जोडकाम बघा. काँक्रीटच्या तुळईखाली तांबूस रेघ किंवा उभी चीर दिसली, तर आतली सळई गंजून फुगली आहे असं समजा आणि दुसरं घर बघा. भाडेकरूने तिच्यावर रंग मारण्यात अर्थ नाही. एजंट ‘खासगी किनारा’ म्हणाला तर हसून सोडून द्या. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू इथे सार्वजनिक असते. किनाऱ्यालगतचा ८१.२१ मीटरचा पट्टा फ्रेंच काळापासून सरकारी मालकीचा मानला जातो, त्यावरचे बंगले बहुतेक भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत.

तिसरी गोष्ट पाणी. इतका पाऊस पडूनही या बेटावर नळाचं पाणी वेळापत्रकाने येतं, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे उन्हाळी पाऊस सुरू होण्याआधी. मार ओ वाकोआसारखे जलाशय तेव्हा खाली जातात. शिवाय जुन्या वाहिन्यांतून बरंच पाणी वाटेतच जिरतं. गच्चीवर टाकी आहे का, किती लिटरची, तिला पंप आहे का, आणि इमारत असेल तर टाकी सामाईक की स्वतंत्र, हे लेखी घ्या. सौर बंब बहुतेक घरांवर असतो. तो पठारावर जुलैमध्ये कोमट पाणी देतो, म्हणून त्याला विजेची जोड आहे का तेही विचारा.

आणि चौथी, जिच्याबद्दल कोणीच विचारत नाही: पावसाचं पाणी जातं कुठे? घराच्या खालच्या अंगाला चाला. रस्त्याकडेचा नाला कुठे वळतो, शेजारची नवी भिंत त्याला अडवते का, अंगणाची पातळी रस्त्यापेक्षा खाली आहे का ते बघा. गेल्या काही दशकांत उत्तरेला आणि पश्चिमेला उसाची शेतं आणि पाणथळ जागा बुजवून वसाहती उठल्या. पाणी मात्र जुन्याच वाटेने येतं. घर बघायला शक्य असेल तर मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. भिंतीवरची मातकट रेघ एजंटपेक्षा खरं बोलते.

इथून वादळांकडे वळतो, कारण तुमची खरी भीती तीच आहे. वादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मेचा मध्य. त्यातही जानेवारी-फेब्रुवारी धोक्याचे. इशारे चार वर्गांत येतात, लोक त्यांना ‘क्लास’ म्हणतात. नवा माणूस इथे हमखास गोंधळतो. हे वर्ग वादळाची ताकद सांगत नाहीत, ते किती जवळ आलं हे सांगतात. ताशी १२० किलोमीटरचे वाऱ्याचे झोत येण्याआधी ३६ ते ४८ तास क्लास १ लागतो. तयारीला दिवसाउजेडाचे १२ तास उरतील असा क्लास २, सहा तास उरतील असा क्लास ३. तसे झोत प्रत्यक्ष सुरू झाले आणि टिकणार असतील तर क्लास ४. क्लास ३ लागला की बस, दुकानं, कचेऱ्या सगळं बंद, माणसं घरात.

घर काँक्रीटचं असेल तर वाऱ्याची भीती आटोक्यात ठेवा. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ चक्रीवादळाने इथली लाकडी आणि पत्र्याची घरं हजारोंनी भुईसपाट केली. त्यानंतर बेट हळूहळू काँक्रीटकडे वळलं, आज दिसणारी सपाट छपरांची ठोकळेबाज घरं हा त्याचाच परिणाम. १९७५ च्या ‘जर्वेझ’मध्ये झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले होते. एवढ्या झोतात चांगली बांधलेली स्लॅब टिकते, फुटतात त्या काचा. म्हणून मोठ्या सरकत्या काचेच्या दारांना झडपा (शटर) आहेत का ते बघा. नसतील तर वादळात झोपायची खोली वाऱ्याच्या विरुद्ध अंगाची, लहान खिडकीची ठरवून ठेवा. केंद्र डोक्यावरून गेलं तर मध्येच वारा थांबतो, आकाशही उघडतं. तेव्हा गच्चीवर पाहणीला जायचं नाही. थोड्या वेळाने तो उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो.

पण माझ्या अनुभवात इथला खरा धोका पाण्याचा आहे, वाऱ्याचा नाही. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत अचानक पूर येऊन ११ माणसं गेली. त्या दिवशी कुठलंही चक्रीवादळ नव्हतं. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ आलं तेव्हाही माणसं कामावर पोचलेली होती आणि राजधानीच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. वर सांगितलेले वर्ग वाऱ्यावर ठरतात. मुसळधार पावसाचा इशारा वेगळा निघतो, तो वेगळा वाचायचा. नवऱ्याला सांगून ठेवा: आकाश काळं झालं आणि क्लास १ असेल, तर ‘घरी जा’ असा कंपनीचा मेल येण्याची वाट बघू नये. पोर्ट लुईच्या तळघरातल्या वाहनतळात तर त्या दिवशी गाडी ठेवूच नये.

घरात काय असावं, तर भरलेली टाकी, एक जादा गॅस सिलिंडर, विजेऱ्या, चार दिवसांचा शिधा आणि रोख पैसे. वादळानंतर वीज गेली की पंप बंद, पंप बंद म्हणजे वरची टाकी रिकामी. म्हणून बादल्याही भरून ठेवायच्या. गच्चीवरची पाणी जाणारी भोकं हंगामाआधी स्वतः साफ करा. ‘छप्पर गळतंय’ म्हणून मला येणाऱ्या हाकांमध्ये कितीतरी वेळा दोष छपराचा नसतो, पानांनी बुजलेल्या भोकाचा असतो.

आता इतर गोष्टी, जरा भरभर.

राहण्याच्या आणि कामाच्या परवान्याच्या अटी जवळजवळ दर जूनच्या अर्थसंकल्पात हलतात, इथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड या सरकारी संस्थेचा चालू मजकूर वाचा. कंपनीकडून एक गोष्ट साफ करून घ्या: वर्षअखेरचा बोनस, म्हणजे तेरावा पगार, इथे कायद्याने मिळतो. तो सांगितलेल्या वार्षिक रकमेत धरलाय की वेगळा? बऱ्याच वस्तू आयात होतात, मूल्यवर्धित कर १५ टक्के आहे, त्यामुळे किराणा महाग वाटेल. ताज्या भाजीचे भाव वादळानंतर काही आठवडे चढलेले असतात, तेव्हा डाळी-कडधान्यांवर दिवस काढायचे. कात्र बोर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. भेंडी मागताना ‘लालो’ म्हणा, कारल्याला ‘मार्गोझ’, शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’. पठारावरच्या गावांत गुरुवारी दुपारनंतर बरीच छोटी दुकानं बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर सगळीकडेच शुकशुकाट असतो.

भाषेचा बाऊ करू नका. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंचमध्ये, आणि रस्त्यावर, बसमध्ये, प्लंबरशी क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली. ‘बोंझूर’ आणि ‘की मान्येर?’ (कसं काय?) एवढ्यावर दार उघडतं. आत शिरल्या शिरल्या इंग्रजीत कामाचं बोलणं मात्र उद्धट वाटतं, आधी विचारपूस. मुलं तीन महिन्यांत क्रेओल बोलायला लागतील, तुमच्या आधी.

शाळेचं ठरवताना वर्ष कधी सुरू होतं ते बघा. सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि परीक्षा केंब्रिजच्या, फ्रेंच अभ्यासक्रमाच्या शाळांचं ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जागा मर्यादित असतात. मी तर म्हणेन शाळा आधी ठरवा आणि घर तिच्या आसपास घ्या. नवऱ्याला मेट्रो आहे, मुलांना सकाळी पोचवायचं ते तुम्हालाच.

मलेरियाची चिंता इथे करावी लागत नाही, तो इथून हद्दपार झाला. डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या साथी मात्र येतात, म्हणून किनाऱ्यालगत घर घेतलंत तर खिडक्यांना जाळ्या हव्यातच. विषारी साप नाहीत. समुद्रात पायात रबरी बूट घालूनच उतरा, वाळूत दगडासारखा पडलेला काटेरी मासा डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा डंख भयानक असतो. प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी शांत असतं. त्या कड्याला जिथे खिंड आहे तिथे ओढ जबर, आणि दक्षिणेला ग्री ग्रीकडे कडाच नाही, तिथे फक्त बघायचं.

राहता राहिलं एकटेपण, जे तुम्ही विचारलं नाही पण येणारच आहे. दिवसभर नवरा कामावर, मुलं शाळेत, आणि संध्याकाळी सहाला गावं मिटतात. किनाऱ्याच्या पर्यटकी वसाहतीत ते जास्त जाणवतं, शेजारचं घर वर्षातले आठ महिने बंद असतं. गावात शेजार मिळतो. इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे. १८३४ पासून आलेल्या गिरमिटिया मजुरांपैकी काही मुंबई बंदरातून आले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या घरात क्रेओल बोलली जाते, मराठी देवळात, गाण्यात आणि शाळेच्या वर्गात भेटते, तेव्हा पहिल्या भेटीत अस्खलित मराठीची अपेक्षा धरू नका. कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. गणपतीची सार्वजनिक सुट्टी असते, घरोघरी बहुतेक दीड दिवसाचे गणपती. कास्कावेल किंवा वाकोआजवळच्या आँरिएताला विसर्जनाच्या मिरवणुकीत जा, दोन तासांत चार घरची आमंत्रणं घेऊन याल. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे मराठी शिकवतात. शिकवणी किंवा भाषेचं काही काम करायची इच्छा असेल तर पहिली चौकशी तिथेच करा.

घर विकत घ्यायचा विचार पहिल्या वर्षी डोक्यातून काढून टाका. परदेशी नागरिकाला ठरावीक योजनांतच घेता येतं, आणि एक उन्हाळा व एक हिवाळा काढल्याशिवाय तुम्हाला ओल जास्त टोचते की उकाडा, हे कळणार नाही. भाडेकरार वर्षाचा करा, पण सहा महिन्यांनी नोटीस देऊन सोडता येईल असं कलम घाला. घरमालक कुरकुरतात, तरी बरेचसे मान्य करतात. वादळात काच फुटली, टाकी उडाली तर खर्च कोणाचा, हेही करारातच लिहून घ्या, आणि ताबा घेताना प्रत्येक खोलीच्या छताचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवा.

शेवटी सामान. भिंतीतले सॉकेट बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. म्हणजे मिक्सर चालेल, फक्त पिन बदलायची. लाकडी फर्निचर आणू नका, पठारावर ते फुगतं. प्रेशर कुकरच्या जादा रिंगा, मुलांचे स्वेटर आणि तुमच्या चष्म्याच्या नंबराचा कागद आणा.